पाहुण्यांना काय विचारावं?

युरोपच्या सहलीचा विषय निघाला की हल्ली कोणी ना कोणी विचारतंच : "व्हेनिसमध्ये शिरायलाही म्हणे तिकीट लागतं! शहर आहे की प्राणिसंग्रहालय?" या प्रश्नात थोडी थट्टा असते, थोडा रागही असतो. आपण लाखभर रुपये मोडून जायचं आणि वर त्यांनी दारात अडवायचं, हे काही पटत नाही. मग पुढचा प्रश्न येतो : हे नियम करताना जाणाऱ्या-येणाऱ्यांना कोणी विचारतं तरी का?

विचारतात. जुन्या शहरांत येणाऱ्या पाहुण्यांची मतं गोळा करण्याचं आता एक शास्त्रच झालं आहे. पण प्रश्न कोणता, तो कधी आणि कोणाला विचारला, यावर उत्तर इतकं बदलतं की चुकीच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन एखादं शहर खुशाल खड्ड्यात जाऊ शकतं. कसं, ते एकेक पायरी चढत पाहू.

१. व्हेनिसचं तिकीट नेमकं कोणाला?

२५ एप्रिल २०२४ रोजी व्हेनिसने प्रवेशशुल्काचा प्रयोग सुरू केला. पहिल्या वर्षी ते फक्त गर्दीच्या २९ दिवसांसाठी होतं, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत, माणशी ५ युरो. २०२५ मध्ये दिवस ५४ झाले आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी रक्कम १० युरो झाली. चौदा वर्षांखालची मुलं आणि त्या प्रांताचे रहिवासी यांना माफी आहे.

खरी मेख पुढे आहे. व्हेनिसमध्ये मुक्काम करणाऱ्याला हे शुल्क नाही, कारण तो हॉटेलच्या बिलातून रात्रीमागे कर भरतोच. शुल्क आहे ते सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्याला. आपल्याकडच्या बहुतेक ग्रुप टूर याच प्रकारात मोडतात. मुक्काम स्वस्त म्हणून पादोव्हासारख्या गावात. सकाळी बस खाडीच्या काठी सोडते, तिथून बोटीने सान मार्को चौक, गोंडोलाची फेरी, काचकामाचं प्रात्यक्षिक, फोटो, आणि दिवेलागणीला परत. असा पाहुणा शहराचे रस्ते, पूल, बोटी, स्वच्छतागृहं, कचरापेट्या सगळं वापरतो, पण खर्च त्यामानाने थोडा करतो. जेवणही पुष्कळदा ग्रुपने आधीच दुसरीकडे ठरवलेलं असतं.

म्हणजे 'पर्यटक' अशी एक जात नसते. मुक्कामी आणि दिवसाचा, पहिल्यांदा आलेला आणि चौथ्यांदा आलेला, एकटा आणि चाळीसजणांच्या ग्रुपमधला या सगळ्यांची मतं वेगवेगळी असतात. त्यांची सरसकट सरासरी काढली की हाती काहीच लागत नाही.

२. शहरात माणसं मावतात किती?

नियम करायचा तर आधी आकडा हवा. एखाद्या जागेला बिघाड न होता किती माणसं पेलतात, या संख्येला धारणक्षमता म्हणतात. ती काढायची कशी?

लग्नाचं कार्यालय डोळ्यांसमोर आणा. सभागृहात हजार खुर्च्या आहेत, पण पंगतीला एका वेळी दोनशे पानं मांडता येतात, हात धुवायला सहा नळ आहेत आणि बाहेर जेमतेम चाळीस गाड्या उभ्या राहतात. कार्यालयाची क्षमता किती? खुर्च्या मोजणारा हजार म्हणेल, पण यजमानाची फजिती पंगतीत होईल. सगळ्यांत अरुंद जागा जितकं पेलते, तेवढीच सगळ्या कार्यालयाची क्षमता.

एलिओ कानेस्त्रेल्ली आणि पाओलो कोस्ता या अभ्यासकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्हेनिसचं असंच गणित मांडलं. हॉटेलातल्या खाटा, दुपारची जेवणं, वाहनतळ, बोटींची वाहतूक, कचरा उचलण्याची ताकद, सान मार्को चर्चमध्ये शिरू शकणारे लोक, असं एकेक अरुंद तोंड त्यांनी मोजलं. उत्तर आलं दिवसाला बावीस हजारांच्या आसपास, आणि त्यांतले सकाळी येऊन संध्याकाळी जाणारे निम्म्याहून किंचित कमी. यांतले कोस्ता पुढे व्हेनिसचे महापौरही झाले. आकडा तीस वर्षांपूर्वीच हाताशी होता. तो पाळायचा कसा, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

३. मावणं वेगळं, सोसणं वेगळं

कचरा, खाटा, बोटी मोजता येतात. पण 'फार गर्दी झाली' ही भावना कशी मोजणार? इथे पाहुण्याच्या मताला पहिल्यांदा काम मिळतं.

माणसाला "किती लोक असले तर चालतील?" असं थेट विचारलं तर तो हवेत आकडा फेकतो. शंभर माणसं म्हणजे किती, हे कोणाच्याच डोळ्यांपुढे नसतं. अमेरिकेतल्या रॉबर्ट मॅनिंग या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात यावर साधी युक्ती काढली. युटा राज्यातल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात खडकाची एक प्रसिद्ध नैसर्गिक कमान आहे. तिच्या एकाच फोटोच्या १६ प्रती केल्या. एकीत माणूसच नाही, पुढच्यांत थोडे थोडे वाढत शेवटच्या फोटोत १०८ जण. कमान पाहून आलेल्यांना हे फोटो दाखवून विचारलं : यांतला कुठवर चालेल? बहुतेकांची मान तिसाच्या आसपास नकारार्थी हलायला लागली. मग कमानीजवळ एका वेळी साधारण तिसाच्या वर माणसं होऊ द्यायची नाहीत असं ठरलं आणि त्या हिशेबाने खालच्या वाहनतळाची जागा आखली.

हीच पद्धत पुढे ऐतिहासिक स्थळांसाठीही वापरली गेली. तिच्यामागचा विचार त्याआधी, १९८५ मध्ये अमेरिकी वनखात्यातल्या तज्ज्ञांनी मांडला होता. 'किती माणसं म्हणजे फार?' असं विचारण्याऐवजी 'इथली स्थिती किती बदललेली चालेल?' असं विचारा, असं त्यांचं म्हणणं. आधी हवी ती स्थिती ठरते, मग संख्या तिच्यामागून येते.

शहरात मात्र एक अडचण येते. रानात माणसाला एकांत हवा असतो. बाजारपेठेत, जत्रेत, कार्निव्हलमध्ये त्याला गर्दीच हवी असते. सान मार्को चौक पूर्ण रिकामा असेल तर पुष्कळांना तो उदास वाटेल. तेव्हा एका शहराला एक आकडा पुरत नाही. चौकाचा वेगळा, चर्चचा वेगळा आणि लोकांच्या घराखालून जाणाऱ्या बोळाचा अगदी वेगळा.

४. दिवसाला किती, की एका वेळी किती?

एक छोटं गणित करू. समजा एखाद्या तटबंदीच्या शहरात ताशी १००० पाहुणे येतात आणि प्रत्येकजण २ तास थांबतो. कोणत्याही क्षणी आत किती? १००० गुणिले २, म्हणजे २०००. तेच लोक ३ तास थांबले तर ३०००. येणारे वाढले नाहीत, तरी गर्दी दीडपट झाली.

आता उलट बाजूने पाहा. प्रत्येकी २००० प्रवाशांची दोन जहाजं सकाळी नऊलाच लागली तर शहरात एकदम ४००० माणसं उतरतील. एक नऊला आणि दुसरं दुपारी दोनला लागलं, आणि पहिल्यातले लोक तोवर परतले, तर गर्दी २००० वरच थांबेल. दिवसाचे पाहुणे तेवढेच, धंदाही जवळपास तेवढाच.

क्रोएशियातल्या डुब्रॉवनिकने हाच मार्ग धरला. हे तटबंदीचं शहर १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. क्रूझ जहाजं आणि टीव्ही मालिकांमुळे आलेली प्रसिद्धी, दोन्हींनी तिथल्या अरुंद दरवाज्यांत माणसं कोंडू लागली. तटाच्या आत एका वेळी ८००० च्या वर माणसं नसावीत, असा सल्ला युनेस्कोने दिला. मग वेशींवर मोजणीचे कॅमेरे लागले, क्रूझ कंपन्यांशी बोलणी झाली आणि दिवसाला दोन जहाजं, तीही वेळा विभागून, अशी घडी बसवली गेली.

पाहुण्याला हा नियम जाचत नाही, कारण तो त्याला दिसतच नाही. जहाज उशिरा लागलं याचा त्याला पत्ताही नसतो, आणि रस्ता मोकळा मिळाला म्हणून तो खूश होतो.

५. खूश पाहुणा फसवतो

"आपल्याला आमचं शहर कसं वाटलं?" हा पर्यटन खात्यांचा लाडका प्रश्न. दहापैकी नऊजण 'छान' म्हणतात आणि अहवालात टाळ्या पडतात. या टाळ्या का फसव्या, ते पाहा.

समजा एका शहरात १०० पाहुणे येतात. ४० जणांना निवांतपणा हवा असतो, उरलेल्या ६० जणांना गर्दीचं काही वाटत नाही. दोन्ही गटांतले नव्वद टक्के खूश आहेत, म्हणजे ३६ आणि ५४, एकूण ९०. दहा वर्षांत गर्दी दुप्पट होते. निवांतपणा शोधणारे ४० जण येणंच सोडतात. आता २०० पाहुणे आहेत, पण सगळे गर्दी चालणारे. त्यांतले नव्वद टक्के, म्हणजे १८० जण खूश. अहवाल सांगतो : पाहुणे दुप्पट, समाधान तेवढंच, नव्वद टक्के!

प्रत्यक्षात शहराने आपला एक सगळा पाहुणावर्ग गमावलेला असतो. तो गेल्यामुळे प्रश्नावली त्याच्या हाती पडतच नाही. शिवाय पहिल्यांदा आलेल्याला शहर पूर्वी कसं होतं हे ठाऊक नसतं. आणि खिशाला एवढी चाट लावून आलेला माणूस 'फुकट आलो' असं सहजी कबूल करत नाही.

म्हणून जाणते अभ्यासक 'आवडलं का?' यावर थांबत नाहीत. ते विचारतात : यासाठी तुम्ही काय सोडायला तयार आहात? पैसा, वेळ, सोय की मोकळीक?

६. पैसा : किती द्याल?

मोरोक्कोतल्या फेझचं जुनं शहर १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की माल वाहायला खेचरं-गाढवं लागतात. घरं ढासळत होती. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने त्यांच्या दुरुस्तीचा प्रकल्प आखला गेला, तेव्हा अर्थतज्ज्ञांनी परदेशी पाहुण्यांना विचारलं : हे शहर सावरलं जाणार असेल तर तुम्ही वेगळं शुल्क द्याल का, किती? फेझ पाहणाऱ्यांचं उत्तर सरासरी ७० डॉलरच्या आसपास आलं. गंमत पुढे आहे. मोरोक्कोत आलेले, पण त्या फेरीत फेझला न गेलेले पाहुणेही ३० डॉलरच्या आसपास द्यायला तयार होते. आपण पाहिलं नाही तरी ते टिकावं, या इच्छेचीसुद्धा किंमत निघते.

तोंडाने सांगितलेली रक्कम आणि खिशातून निघालेली रक्कम यांत अंतर असतं, हे धरूनच असे आकडे वाचायचे. पण एक गोष्ट त्यांतून ठळक दिसते. फेझच्या प्रश्नात पैसा कशासाठी, हे आधी सांगितलं होतं. पैसे कुठे जाणार हे माहीत असलं की माणूस देतो. ते माहीत नसलं की त्याला तो जिझिया कर वाटतो.

शुल्काने गर्दी हटते का, हा प्रश्न वेगळा. व्हेनिसमध्ये २०२४ च्या २९ दिवसांत सुमारे ४ लाख ८५ हजार लोकांनी शुल्क भरलं आणि साधारण २४ लाख युरो जमा झाले. लाखांची सहल काढलेला माणूस पाचशे रुपयांसाठी पाय मागे घेईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्या शुल्काचा मोठा फायदा दुसराच : कोण, कधी, किती येणार याची आधीच नोंद होते.

किंमत नेमक्या अरुंद जागी लावली तर मात्र ती काम करते. डिसेंबर २०१८ पासून ताजमहालाच्या मुख्य कबरीपर्यंत जायला नेहमीच्या तिकिटावर २०० रुपये वेगळे पडतात. बाग आणि बाहेरून दिसणारा ताज पाहायला ते लागत नाहीत. ज्याला आत जायचंच आहे तो भरतो, बाकीचे बाहेरून समाधानाने पाहून परततात. ताजमहाल कोणाला नाकारला गेला नाही, पण घुमटाखालची रेटारेटी कमी करण्याचा मार्ग निघाला.

७. सोय आणि मोकळीक : कोणती बंदी पटते?

पटणारी बंदी कशी असते, हे अजिंठ्याला गेलेल्यांनी अनुभवलं आहे. आपली गाडी फर्दापूर फाट्यावर सोडायची आणि शेवटचे चार किलोमीटर तिथल्या बसने जायचं. चित्रं असलेल्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि एका वेळी मोजकेच लोक आत सोडतात. गाड्यांचा धूर, श्वासाची वाफ आणि उजेड यांनी दीड हजार वर्षांपूर्वीचे रंग उडतात, हे अर्ध्या मिनिटात समजावता येतं. समोरच्या भिंतीवर पोपडे निघालेले दिसतातही. इथे नियमाचं कारण आणि नियम एकाच जागी उभे असतात.

आता क्योतो पाहा. तिथल्या गिओन वस्तीत गेको आणि माइको, म्हणजे पारंपरिक कलावंत मुली, कामावर निघाल्या की पाहुणे मोबाइल घेऊन मागे लागायचे. २०२४ मध्ये तिथले काही खासगी बोळ पाहुण्यांना बंद झाले. शिरलात तर १०,००० येन दंड, असे फलक लागले. भिंतीवरच्या चित्राचं नुकसान पाहुण्याला दिसतं, पण अंग चोरून जाणाऱ्या मुलीचा मनस्ताप त्याच्या फोटोत येत नाही. म्हणून असा नियम त्याला आगाऊपणा वाटतो.

त्यात भर अशी की गर्दी म्हणजे नेहमी दुसरे. आपण तेवढे रसिक, बाकीचे सगळे पर्यटक! 'ग्रुपवर बंधन असावं का?' याला एकटा फिरणारा लगेच हो म्हणतो, 'एकट्यांनी नोंदणी करून यावं का?' याला ग्रुपवाला हो म्हणतो. प्रश्न 'तुमच्यावर' असा विचारला तरच खरं उत्तर मिळतं.

तिसरी वाट अहमदाबादची. भारतातल्या एखाद्या शहराला जागतिक वारसा शहराचा मान मिळाला, तो पहिल्यांदा २०१७ मध्ये अहमदाबादला. पण तिथली वारसा-फेरी १९९७ पासून चालू आहे. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सकाळी निघायचं आणि पोळांमधून, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांतून, चालत जामा मशिदीशी थांबायचं. वेळ ठरलेली, वाट ठरलेली, बरोबर माहीतगार. या तिन्ही मर्यादाच आहेत, पण पाहुण्याला त्या फेरीचा भाग वाटतात.

८. ज्यांना विचारलंच नाही

आतापर्यंत आपण पाहुण्याचं मत वाचायला शिकलो. पण शहर त्याचं नाही. १९५० च्या सुमारास व्हेनिसच्या जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली गेली. रिआल्टो पुलाजवळच्या एका औषधांच्या दुकानात उरलेल्या रहिवाशांचा आकडा दाखवणारी पाटी २००८ पासून लावलेली आहे. २०२३ मध्ये तिथल्या कार्यकर्त्यांनी दाखवून दिलं की पाहुण्यांसाठीच्या खाटा आता रहिवाशांहून जास्त झाल्या आहेत. घरभाडं परवडेना, किराणा दुकानाच्या जागी मुखवट्यांचं दुकान आलं, म्हणून माणसं उठून गेली. त्या काळात पाहुणे मात्र खूशच होते.

जॉर्ज डॉक्सी या अभ्यासकाने १९७५ मध्येच रहिवाशांच्या मनाच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या : आधी आनंद, मग थंडपणा, मग चिडचिड, शेवटी वैर. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये रंगीत घरांच्या दारात पोझ देणाऱ्यांना कंटाळून रहिवाशांनी 'फोटो काढू नका' अशा पाट्या लावल्या, तेव्हा तिसरी पायरी आलेली होती. पाहुण्याच्या समाधानपत्रकात यातली एकही पायरी उमटत नाही.

९. मग पाहुण्याला विचारायचं काय?

इथवरचा हिशेब असा. मर्यादा कुठे घालायची, हे पाहुण्याला विचारून ठरत नाही. ते भिंतीवरचा रंग, कचऱ्याची गाडी आणि वरच्या मजल्यावरची आजी ठरवते. पण ती मर्यादा कशी घालायची, हे पाहुण्याइतकं नेमकं दुसरं कोणी सांगू शकत नाही. त्यासाठी त्याला 'आवडलं का?' असं न विचारता पुढचे प्रश्न विचारायला हवेत :

• हे शुल्क या कामासाठी आहे. तुम्ही स्वतः किती द्याल?
• दुपारऐवजी सकाळी सात वाजता यावं लागलं तर याल का?
• शेवटचा एक किलोमीटर चालावं लागलं तर चालेल का?
• कोणता नियम तुम्हाला नकोसा वाटला, आणि त्याचं कारण तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?
• मागे कधी आला होता का? पुन्हा याल का? नसाल येणार, तर का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. शक्य असेल तर तो येणं सोडलेल्यांना त्यांच्या घरी विचारावा, कारण गावातल्या चौकात ते भेटणार नाहीत. आणि हीच प्रश्नावली घेऊन रहिवाशांच्याही दारी जावं. दोन्हींची उत्तरं शेजारी ठेवली की कोणता नियम दोघांनाही चालतो ते दिसतं. कामाला तिथून सुरुवात करता येते. जिथे दोघांचं जमत नाही, तिथे शब्द रहिवाशाचा चालला पाहिजे, कारण नियम चुकला तर पाहुणा दुसरं शहर शोधू शकतो, रहिवाशाला घर सोडावं लागतं.